एकशे त्रेचाळीसचा बिल्ला

चंद्री मेली तवा केसरबाई काकू अंबाजोगाईला होत्या. धोंडीराम काकांना दवाखान्यात ठेवलेलं. जाताना काकू मला म्हनल्या, "गहिनी, गाय तुझ्या भरवशावर सोडून चालले. मी येईन तवा ती मला दिसली पायजे." मी हो म्हनलो. चारशे बारा जनावरं संभाळत होतो, त्यात एक चंद्री काय जड होती.

बारा मेला, दुपारी, ती गेली. आणि मी तिला यादीतून कमी केलं न्हाई.

एवढंच केलं मी. पुढचं सगळं त्यातून झालं.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा. आमच्या बोरझरीच्या दूध संस्थेनं नाल्याच्या काठाला चारा छावणी टाकलेली. नाला म्हंजे नुसते दगड. आठ दावणी, वर शेडनेट, मधून टँकर जायला रस्ता. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, त्याच्यावर नंबर आणि कोड. मी सकाळी सातला मोबाईल घेऊन पहिल्या दावणीपासून सुरू करायचो. कान धरायचा, कोड टिपायचा, पुढं. चारशे बारा कान झाले की ऑफिसच्या पत्र्यावर आकडा लिहायचा.

ऑफिस म्हंजे एक शेड, एक टेबल, एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला न्हाई. मोबाईलवर बघून बघून शिकलो. बारावीनंतर दुसरं काय जमलं न्हाई म्हणून हे जमवलं.

चेअरमन मोहनराव मार्चात पुण्याला दोन दिवसांचं शिबिर करून आलते. सहकारी संस्था कशी चालवायची त्याचं. आल्यावर त्यांनी पत्र्यावर चार शब्द रंगवून घेतले. उद्दिष्ट. जबाबदारी. तपासणी. दुरुस्ती. आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, "बारा-तेराच्या दुष्काळात काय झालं, आठवतंय ना? ज्यानं त्यानं आपापलं जनावर नेकनूरच्या बाजारात नेलं. पाऊस पडला, आणि गावात दूध काढायला गाय न्हाई. तीन वर्षं संस्थेला कुलूप. यंदा तसं न्हाई. चारशे बारा आत आली, चारशे बारा बाहेर जातील. घट शून्य. याच्यावर चर्चा न्हाई."

माणूस वाईट न्हाई. मला आजबी तसं वाटत न्हाई.

मग मला म्हनले, "गहिनीनाथ, ठरवनं सोपं असतंय रे. लोकांकडून करून घ्यायचं कसं, ते सांग."

आणि मी सांगितलं. मला लई हुशारी सुचली होती. म्हनलो, आण्णा, एकेका माणसाला कुठवर बघणार. दावणीवर जबाबदारी टाका. ज्या दावणीत जनावर दगावेल, त्या अख्ख्या दावणीची पेंड आठ दिवस बंद. म्हंजे शेजारचा शेजारच्याचं जनावर बघील.

मोहनरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नियम लागू झाला.

पहिला महिना लई भारी गेला. माणसं एकमेकांच्या जनावराला पाणी पाजायला लागली, माश्या हाकलायला लागली. सोमवारच्या बैठकीत मी तक्ता लावायचो, सगळ्या दावणी हिरव्या. मला वाटायचं हे माझंच हाय.

मग चंद्री.

सकाळी बरी होती. अकराला बसली ती उठली न्हाई. डॉक्टर यायच्या आत मान टाकली. तिसरी दावण, एकोणिसावा खुंटा. पांढरी, कपाळावर तांबूस ठिपका, डावं शिंग जरा आत वळलेलं.

मी मोबाईल काढला. यादीत तिच्या नंबरापुढं, एकशे त्रेचाळीसपुढं, 'मृत' दाबायचं होतं. तेवढ्यात तिसऱ्या दावणीची सात-आठ माणसं भोवती गोळा झाली. सिदू पुढं होता. सिदू माझ्याच वर्गातला, त्याच्या दोन म्हशी त्या दावणीत.

"गहिन्या, थांब बे."

"कावून?"

"कावून म्हंजे? दाबलं की आठ दिवस पेंड बंद. माझी म्हैस आत्ता गाभन हाय. हिच्यासाठी तिला उपाशी मारू का?"

"नियम हाय सिदू."

"नियम तूच काढला ना? मंग तूच सांग आता."

कुंपणाच्या बाहेर मोकाट गाया उभ्या होत्या. रोज असायच्या. लोकांनी सोडून दिलेल्या, कुणाच्याच न्हाईत. तारेपाशी यायच्या, आतल्या उसाचा वास घ्यायच्या, हुसकल्या की जायच्या. त्यात एक पांढरी होती. शिंगं सरळ, ठिपका न्हाई. पण पांढरी.

सिदूनं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

बिल्ला एकदा बसवला की निघत न्हाई, कापावा लागतो. तो परत बसवायचं काम जमीलभाईनं केलं. जमीलभाई नेकनूरचा, संस्थेचा टँकर त्याच्याकडं, आणि गाडीच्या कुठल्याबी भागाला हात लावला की ते चालू होतंय अशी त्याची ख्याती. त्यानं मेलेल्या कानातून बिल्ला काढला, मागची गुंडी सळई तापवून परत डकवली. मोकाट गाईच्या कानात घालताना म्हनला, "अबे, ये तो अपनी रानी हाय. नेकनूरच्या स्टँडवर माझ्या भावाच्या गाड्यापाशी असायची ना, टरबुजाच्या साली खायची ती. चल रानी, तेरी तो लॉटरी लगी."

रानी उडाली, हंबरली. मग बिल्ला बसला तशी एकदम गप झाली.

चंद्रीला नाल्याच्या पलीकडं खड्डा घेऊन मीठ टाकून पुरली. मला रडू आलं न्हाई. उलट हलकं वाटलं. मोकाट गाईला चारा मिळाला, दावणीला पेंड मिळाली, तक्ता हिरवा. काकू आल्यावर नीट सांगू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दावणी सोडल्या. पाणी प्यायला सगळी जनावरं हौदावर जातात आणि मग ज्याची त्याची माणसं त्यांना खुंट्यावर आणतात. रानीला आणायला कुणी न्हाई. तिचं पाणी पिऊन झाल्यावर मी तिला धरायला गेलो तर ती निघाली पण. सरळ. तिसरी दावण, सतरावा खुंटा, अठरावा, एकोणिसावा. तिथं वळून, तोंड नाल्याकडं करून उभी राहिली.

चंद्री तशीच उभी राहायची. बाकी सगळ्या रस्त्याकडं तोंड करतात, कारण चारा तिकडून येतो.

मी म्हनलो, असेल. काल तिथंच बांधली होती.

मग तिच्यापुढं उसाचे वाढे टाकले. बरगड्या दिसत होत्या तिच्या. किती महिने कागद खाऊन काढलेले कुणास ठाऊक. पण तिनं तोंड लावलं न्हाई. चाऱ्याकडं बघत उभी. नाकातून फुस्स फुस्स. भूक तर दिसत होती, पण ती कशाची तरी वाट बघत होती.

बाराला धोंडीराम काकांचा फोन आला. रोज यायचा. काकू लावून द्यायच्या. काकांचं बोलणं एकच, "खाल्लं का तिनं?" मी रोज फोन चंद्रीच्या कानापाशी धरायचो, कारण चंद्रीला लहानपणापासून खोड होती, काका 'घे माय' म्हनल्याबिगर ती खायची न्हाई. काका दवाखान्यात गेल्यावर पहिले दोन दिवस ती उपाशीच राहिली, तवापासून हा फोनचा धंदा.

त्या दिवशी मी घाबरत फोन उचलला. काकांचा आवाज लई बारीक झालेला.

"खाल्लं का रे?"

"न्हाई काका अजून."

"धर कानापाशी."

मी धरला. रानीच्या कानापाशी. काका म्हनले, "घे माय."

आणि तिनं मान खाली घातली आणि खायला लागली.

माझ्या हातातला फोन ओला झाला होता. बेचाळीस डिग्री ऊन होतं आणि माझ्या पाठीवर काटा. "खाती का?" काका विचारत होते. "हो काका," मी म्हनलो, "खाती."

ते खोटं न्हवतं. तेच तर लई वाईट होतं.

जमीलभाई टँकर घेऊन आला तवा मी त्याला काय सांगितलं न्हाई. तो आपला टरबुजाच्या सालीची पिशवी घेऊन एकोणिसाव्या खुंट्यापाशी गेला. "रानी. ए रानी." साल नाकाला लावली. तिनं मान फिरवली. जसं अनोळखी माणसानं अंगाला हात लावावा तशी आक्रसली. जमीलभाई माझ्याकडं आला तवा त्याचं तोंड उतरलेलं.

"मेरे को पहचानती नै बे. तीन साल से खिलाता मैं उसको."

"नवी जागा हाय, जमीलभाई."

"जागा का क्या. डोळे बघ जाऊन तिचे. वो नै हाय उसमें."

तो सालीची पिशवी तिथंच टाकून गेला.

मे महिना सरेपर्यंत आणखी दहा जनावरं मेली. पहिल्या दावणीत तीन, पाचवीत दोन, असं. दहाच्या दहा वेळा मला दावणीच्या माणसांनी बोलावलं, आणि मी गेलो. एकदा केल्यावर दुसऱ्यांदा न्हाई कसं म्हणणार. कुंपणाच्या बाहेरून एक आत यायचं, बिल्ला बसायचा, ते गप व्हायचं आणि आपल्या खुंट्यावर चालत जायचं. काळी नावाच्या गाईचा बिल्ला तांबड्या गाईला बसवला, तर सात वर्षं काळीला संभाळलेला मालक तिलाच काळी म्हणायला लागला. मस्करी न्हाई. मी म्हनलो, "तात्याबा, ही तांबडी हाय." तात्याबा म्हनले, "अंग तांबडं हाय. काळीच हाय ती. धार काढताना उजवा पाय उचलती." तिला दूधच न्हवतं. तरी ते रोज बसायचे तिच्याखाली, रिकामी कासंडी घेऊन, आणि ती रोज उजवा पाय उचलायची.

माणसं घाबरली असं तुमाला वाटेल. न्हाई घाबरली. खूश होती. लोक आपलं जनावर मेलं तर रडायचे बंद झाले. एकजण तर मेलेली म्हैस अजून गरम असताना मला म्हनला, "चल लवकर, बिल्ला बसव, ती वाट बघत आसंल."

आणि मी एकटाच सकाळी कान धरत फिरायचो. अकरा कान असे होते की धरले की गार लागायचे. उन्हात तापलेल्या जनावराचा कान, आणि गार.

जूनच्या चार तारखेला सिदूची गाभण म्हैस मेली. त्या दिवशी कुंपणाच्या बाहेर एकबी जनावर न्हवतं. नाल्याच्या वरपर्यंत जाऊन आलो. मोकाट होती ती सगळी आत आली होती, न्हाई तर कुठं पडली होती. सिदू दिवसभर नेकनूरच्या रस्त्याला हिंडला. हात हलवत आला.

म्हनलो, "सिदू, आता दाबावं लागतंय."

"उद्या दाब. उद्या एखादं घावंल."

बिल्ला, दोनशे सात नंबरचा, मी टेबलाच्या खणात ठेवला. खणाला कुलूप लावलं.

पाच तारखेला सकाळी नेहमीसारखा फिरलो. तिसऱ्या दावणीत सिदूचा दुसरा खुंटा रिकामा, मी पुढं गेलो. आठवी दावण झाली, ऑफिसात येऊन यादी उघडली. चारशे बारा. सगळे हजर. दोनशे सात, सात वाजून एकतीस मिनिटं, हजर.

मी खण उघडला. बिल्ला तिथंच. उचलून बघितला. गार.

तिसऱ्या दावणीकडं पळत गेलो. सिदू रिकाम्या खुंट्यापुढं उकिडवा बसलेला. समोर गव्हाणीत उसाचे तुकडे करून टाकलेले, वर पेंड. मी बघत होतो. सिदू बी बघत होता. पेंडीचा ढीग जरा जरा कमी होत होता. वारा न्हवता. खुंट्याच्या मागं जमीन ओली होती आणि शेण पडलेलं, ताजं, वाफ निघणारं.

"सिदू."

"हळू बोल. खातीय."

"सिदू, इथं काय न्हाई बे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. लई दिवसांनी बघितल्यासारखं. "तुझ्या यादीत हाय का न्हाई?"

"हाय."

"मंग झालं की."

त्याच पावली मी मोहनरावांकडं गेलो. घरीच होते, ओसरीत कागद पसरून बसलेले. सगळं सांगितलं. बारा मेपासून. काय लपवलं न्हाई, नियम माझा, बिल्ले मी बसवले, यादी मी चालवली, सगळं. शेवटी सांगितलं, आण्णा, बारा जनावरं मेलीत. अकरांच्या जागी दुसरी हायत आणि एका जागी काहीच न्हाई, तरी ते चारा खातंय.

मला वाटलं हसतील न्हाई तर मारतील.

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हनले, "म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"मी रोज सकाळी रस्त्यावरून बघतो. तुझ्या मागं मागं एक म्हैस चालत होती आज. तुला दिसली न्हाई. मला दिसली."

मी खाली बसलो.

"गहिनीनाथ, मागल्या दुष्काळात गोठे रिकामे झाले, ते मी बघितले. रिकामा गोठा काय असतो तुला न्हाई म्हाईत, तू ल्हान होतास. बायका सकाळी उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन उभ्या राहायच्या. यंदा चारशे बारा ठरले. ते चारशे बारा हायत. कसे हायत हे मला इचारायचं न्हाई, तू बी नको इचारू."

"पण आण्णा, दूध कुठनं येणार? पाऊस पडल्यावर ही जनावरं..."

"तक्ता हिरवा हाय ना?"

"हाय."

"मंग जा. कामाला लाग."

मी उठलो. दारात गेल्यावर ते मागून म्हनले, अगदी मऊ आवाजात, "केसरबाई येतीय उद्या. तिला काय बोलू नको. धोंडीरामचं अवघड हाय."

रात्रभर काय विचार केला ते सांगत न्हाई. काकूंना सांगायचं का न्हाई, एवढाच होता. सांगितलं तर काकांचा धीर सुटेल. बाराचा एक फोन, त्याच्यावर माणूस तग धरून होता. न सांगितलं तर काकू त्या गाईच्या गळ्यात पडणार, आणि मी बाजूला उभा राहून बघणार.

काकू साडेअकराला आल्या. नेकनूरवरून चालत. पिशवी खांद्याला, पदर डोक्यावर घट्ट. मला बघून म्हनल्या, "वाळला रे लई." आणि थेट एकोणिसाव्या खुंट्याकडं गेल्या. मी मागं.

गाईपुढं उभ्या राहिल्या. गाईनं मान लांब करून त्यांचा तळहात चाटला. मग मनगट. मग बांगड्यांवरून जीभ फिरवली, खुळ्ळ करून. काकूंनी हात तसाच राहू दिला. दुसऱ्या हातानं तिचं कपाळ चाचपलं, जिथं ठिपका पाहिजे होता. शिंग चाचपलं, सरळ शिंग.

"माझी कुठं पुरली?" त्या म्हनल्या.

मी नाल्याच्या पलीकडं बोट दाखवलं.

"कधी?"

"बारा मे."

"आणि ही?"

मी सांगितलं. मोहनरावांना सांगितलं तसंच, पहिल्यापासून. काकूंनी मध्ये एकदा बी तोडलं न्हाई. रडल्या न्हाईत. उलट बारीक बारीक विचारायला लागल्या. बिल्ला मेल्यावर काढायचा का आधी? किती वेळात दुसरीला बसवायचा? कुणाचीबी चालती का तशाच रंगाची पायजे? मी सांगत गेलो. मला वाटलं, दुःख हाय, विचारू दे.

मग त्या म्हनल्या, "पेटीत कोरे किती हायत?"

"काय?"

"बिल्ले."

"चाळीसेक आसतील. कावून?"

"एक दे मला."

"कुठल्या जनावराला, काकू?"

त्या गाईच्या गळ्याखालून हात फिरवत होत्या. माझ्याकडं न बघता म्हनल्या, "डॉक्टरांनी ह्यांचे आठ-धा दिवस सांगितलेत. आत्ताच घालते त्यांना. यादीत नाव टाक तू, म्हंजे पक्कं होईल. पुढचं मी बघते."

दावणीत पन्नास जनावरं रवंथ करत होती. तेवढाच आवाज.

"पुढचं म्हंजे काय? कुनाच्या कानात घालनार काकू तो?"

"ते तू नको इचारू." लई साधं बोलल्या, भाजी कुठून घ्यायची ते सांगावं तसं. "बीडच्या स्टँडवर लई बसलेले असतेत. कुनाचेच नसलेले. दोन येळचं जेवन मिळंल त्याला. मी नीट संभाळीन."

काकू तशाच उभ्या, हात पुढं करून, तळहात वर. मी त्यांच्या घरी लहानपणी जेवलोय. ही बाई घरातली मुंगी मारत न्हाई. आणि हे मी तिला दाखवलं होतं. मी, माझ्या नियमानं.

माझ्या खिशात तार कापायची पकड होती. रोज असती, कुंपणासाठी. मी गाईचा कान धरला.

"काय करतूस? गहिनी! सोड!"

काकूंनी माझं मनगट धरलं. जोर लई होता त्यांच्यात. तिकडून सिदू ओरडला, "गहिन्या, पेंड बंद होईल बे!" मी डोळे मिटले आणि दाबली पकड. गुंडी तुटली. बिल्ला खाली पडला.

गाय हादरली. अंगावरून पाणी ओतल्यासारखी शहारली, डोक्यापासून शेपटापर्यंत. मग तिनं डोळे उघडले, म्हंजे उघडेच होते, पण आता बघायला लागली. खुंटा बघितला. मला बघितलं. काकूंना बघितलं आणि दोन पावलं मागं सरकली, दाव्याला हिसका देऊन.

"चंद्रे," काकू म्हनल्या. "ए चंद्रे. माय."

गाईनं कान हलवला. दुसरीकडं बघितलं. रस्त्यावर जमीलभाईचा टँकर येऊन थांबत होता. तिनं नाक वर केलं, जोरात वास घेतला आणि अशी हंबरली की दावणीतली जनावरं दचकली. दावं तोडून निघाली ती टँकरकडं. जमीलभाई खाली उतरतोय तर ही त्याच्या छातीवर. "अरे! अरे रानी! आ गई क्या रे तू!" तो म्हातारा माणूस, चाकापाशी बसून रडायला लागला.

काकूंनी ते बघितलं. लई वेळ बघितलं. मग त्या गव्हाणीच्या कडेला बसल्या.

"ती न्हवतीच व्हय रे," म्हनल्या.

"चंद्री होती, काकू. पण दुसऱ्याच्या अंगात अडकवलेली. आणि जिचं अंग होतं तिला पार पुसून टाकलेलं. मला तरी असंच वाटतंय. मला जास्त कळत न्हाई."

"तिला बी त्रास झाला आसंल."

"झाला आसंल."

बारा वाजले. माझा फोन वाजला. काकूंनी काकांपाशी शेजारच्या खाटेवरचा माणूस ठेवला होता, त्यानं लावून दिलेला. मी फोनकडं नुसता बघत राहिलो. काकूंनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः उचलला. आवाज मोठ्यावर होता, सगळं ऐकू येत होतं.

"खाल्लं का तिनं?"

"आवो, मी बोलते. चंद्री गेली. महिना होत आला. पोरानं तिच्या जागी दुसरी बांधलती. आत्ता सोडली तिला. चंद्री न्हाई आता."

पलीकडं पंख्याचा आवाज. कुणाचं तरी खोकणं. मला वाटलं, संपलं. मी माणूस मारला.

मग काका म्हनले, "मंग ही कोन?"

"कुठं?"

"हितं. आत्ताच आली की. खिडकीपाशी हुबी हाय."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मला म्हाईत होतं, दोन वेळा गेलो होतो मी तिथं. काकांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर.

"कशी हाय दिसायला?" काकूंनी विचारलं.

"दमलीय लई. फेस आलाय तोंडाला. लांबनं चालत आली आसंल. शिंग घासतीय खिडकीच्या गजाला, डावं." काका हसले. बारीक, पण हसले. महिनाभरात मी त्यांना हसलेलं ऐकलं न्हवतं. "येडी. इतक्या लांब कशाला आली."

फोनमधून गजावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. टर्र, टर्र. शेजारच्या खाटेवरचा माणूस कुणाला तरी विचारत होता, आवाज कसला येतोय म्हणून.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. उठल्या. एकदम घरातल्यासारख्या, रोजच्यासारख्या बोलल्या, "पानी दाखवा तिला आदी. आणि झोपू नका, मी निघाले. येईपर्यंत दोघंबी थांबा."

फोन माझ्या हातात दिला आणि पिशवी खांद्याला लावली. मी गाडी काढली. त्यांना नेकनूरला आणलं. बस उभीच होती. वर चढल्या, खिडकीत बसल्या, आणि मग बाहेर वाकून म्हनल्या, "बाकीच्या बी सोड, गहिनी. आजच. लोक शिव्या घालतील, ऐकून घे. कुनाकुनाला जायाचं आसंल तिकडं."

बस हलली. मी परत छावणीवर आलो. पहिल्या दावणीपासून सुरुवात केली. तात्याबा कासंडी घेऊन तांबडीच्या खाली बसले होते. मी पकड काढली तशी त्यांनी मान वर केली, म्हनले, "थांब बे जरा. शेवटची धार काढू दे."

मी थांबलो.